नाट्यशिबिर आणि विद्यार्थी चळवळीपुढील कार्य
(विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



१८५५ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो त्याच वर्षी 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. धर्माच्या नावाने ज्ञानाची दारे बंद करणाऱ्यांना तिने त्यात जाब विचारला. आणि त्याच ओघात, डोक्यावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हालही सांगितले. ही कहाणी जातीची, दारिद्र्याची की स्त्रीत्वाची, असा प्रश्न त्या शाळकरी मुलीला पडला नाही, कारण ही तिन्ही दुःखे एकाच देहाला सोसावी लागत होती.

विद्यापीठांतील चळवळ मात्र हीच दुःखे वेगवेगळ्या कप्प्यांत टाकते. शुल्कवाढीविरुद्ध मोर्चा निघतो, जातीय छळाचे निवेदन दुसऱ्या कचेरीत जाते आणि विद्यार्थिनींची तक्रार तिसऱ्या समितीपुढे पडून राहते. या विभागणीतून अन्याय कसा निसटतो, हे अमेरिकेतील एका कामगार खटल्यात दिसले. जनरल मोटर्सने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच नव्हते. पुढे ज्येष्ठतेच्या निकषावर कामगारकपात झाली तेव्हा १९७० नंतर भरती झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नोकऱ्या गेल्या. पाच जणी न्यायालयात गेल्या. कंपनीने स्त्रिया नेमल्या आहेत, सबब स्त्री म्हणून अन्याय सिद्ध होत नाही. आणि वंशभेद व स्त्री-पुरुषभेद यांची सांगड घालून नवा दावा उभा करता येणार नाही, असा निर्णय १९७६ साली झाला. नेमलेल्या त्या स्त्रिया गोऱ्या होत्या! कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली याच खटल्याचा दाखला देऊन, शोषणाच्या वाटा एकमेकींना जिथे छेदतात तिथे उभ्या असलेल्या माणसाचा विचार पुढे मांडला.

भारतातील विद्यार्थ्यांना हा विचार परका नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला याने जीवन संपवले. त्यापूर्वी त्याला व त्याच्या चार सहकाऱ्यांना वसतिगृहातून काढण्यात आले होते. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी हिने आत्महत्या केली. ती आदिवासी होती, मुस्लिम होती आणि स्त्रीही होती. त्याच वर्षी या दोघांच्या माता उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेदाविरुद्ध एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जिवंत असताना या तरुणांचे म्हणणे संपूर्णपणे ऐकले जाईल असे स्थान त्यांना कोठे होते, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी संघटनेने स्वतःला विचारला पाहिजे.

असे स्थान निर्माण करण्याचे एक साधन म्हणजे नाट्य आणि कथनाचे शिबिर. या पद्धतीचे प्रवर्तक ब्राझीलचे ऑगस्टो बोआल. लष्करी राजवटीने १९७१ साली त्यांना अटक करून छळले व ते परागंदा झाले. त्यांनी स्वतः नमूद केलेला एक प्रसंग कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ईशान्य ब्राझीलमधील शेतकऱ्यांपुढे त्यांच्या नाटकमंडळीने हाती बंदुका घेऊन, जमिनीसाठी रक्त सांडण्याचे आवाहन केले. प्रयोगानंतर व्हर्जीलियो नावाचा शेतकरी म्हणाला, चला, बंदुका आणा, जमीनदाराच्या माणसांशी लढायला जाऊ. बंदुका नाटकातल्या आहेत, असे सांगण्याची पाळी कलावंतांवर आली. जो धोका स्वतः पत्करत नाही त्याचा उपदेश इतरांना करू नये, हा धडा बोआल त्यातून शिकले. १९७३ साली पेरूमधील साक्षरता मोहिमेत त्यांनी उत्तर सांगण्याऐवजी प्रश्न मांडणारे नाटक घडवले.

त्याची रीत सोपी आहे. प्रथम शिबिरार्थी शब्दांवाचून, केवळ देहाच्या ठेवणीतून आपला अनुभव उभा करतात. मग लहान गटांत कहाण्या सांगितल्या जातात. त्यांतील एकीचा छोटा प्रवेश बसवला जातो आणि तो पराभवापाशी संपतो. प्रवेश पुन्हा सुरू झाला की प्रेक्षकांतील कोणीही 'थांबा' म्हणतो, पीडित पात्राच्या जागी उभा राहतो आणि वेगळी कृती करून पाहतो. जुलूम करणारी पात्रे सहजी नमत नाहीत, त्यामुळे पोकळ शौर्य तिथल्या तिथे उघडे पडते.

समजा, मराठवाड्यातील एका ऊसतोड कामगाराच्या दलित मुलीचा प्रवेश आहे. शिष्यवृत्ती आलेली नाही, खानावळीचे बिल थकले आहे. कारकून चारचौघांत मोठ्याने जात विचारतो. ती संघटनेकडे जाते. तेथील मुलगा आस्थेने सांगतो, रात्री नऊच्या बैठकीला ये. मुलींच्या वसतिगृहाचे दार आठला बंद होते. प्रेक्षक कारकुनाशी भांडतील, अधीक्षकांना अर्ज देतील. परंतु कोणीतरी 'थांबा' म्हणून बैठकीची वेळच बदलेल, तेव्हा संघटनाही या अन्यायाची एक कडी होती, हे सर्वांना दिसेल. ठरावातून हे सहसा दिसत नाही.

भारतात या परंपरेची जमीन तयार आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगारवस्त्यांत तमाशा व पोवाडा नेला. १९७३ साली दिल्लीत स्थापन झालेल्या जन नाट्य मंचाने 'औरत'मध्ये स्त्रीचे घरातील व श्रमातील शोषण एकत्र मांडले. पश्चिम बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेल्या जन संस्कृतीने बोआल यांची पद्धत खेड्यापाड्यांत रुजवली.

तथापि सावधगिरी आवश्यक आहे. कोणावरही कहाणी सांगण्याची सक्ती होता कामा नये. जात किंवा धर्म उघड करायला लावणे हाही छळच आहे. सांगितलेली कहाणी सांगणाऱ्याचीच राहते. तिच्या संमतीवाचून ती पत्रकात छापू नये. सवर्ण विद्यार्थ्याने दलिताचे दुःख वठवून टाळ्या मिळवणे हे शिबिराचे ध्येय नव्हे. स्वतःला मिळालेल्या सवलती ओळखणे हे त्याचे काम आहे. आणि रडून मोकळे होण्यावर शिबिर संपले, तर सोमवारी कारकून पुन्हा तोच प्रश्न विचारील.

काहींना भीती वाटते की अशाने विद्यार्थ्यांची एकजूट फुटेल. वास्तविक, ज्या एकजुटीत ऊसतोड कामगाराच्या मुलीला बैठकीला येता येत नाही, ती आधीच फुटलेली असते. म्हणून प्रत्येक शिबिराच्या अखेरीस मागण्यांची यादी तयार व्हावी: शिष्यवृत्ती वेळेवर, कागदपत्रांची गोपनीय तपासणी, वसतिगृहाच्या दारासाठी मुलामुलींना समान नियम. त्या यादीत संघटनेने स्वतःला लावून घ्यायचे नियमही असावेत आणि बैठकीची वेळ त्यांत पहिली असावी.