जुनी वास्तू, नवा संसार



स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान मिळणे ही भाग्याची गोष्ट खरी. परंतु स्मृती या शब्दाचा भारही त्याबरोबर वक्त्यावर येतो. माणसांच्या स्मृती आपण व्याख्यानांतून आणि ग्रंथांतून जपतो. गावाच्या स्मृती मात्र त्याच्या वास्तूंत साठलेल्या असतात. त्या जपायच्या म्हणजे नेमके काय करायचे, हा आजचा माझा विषय आहे. इंदूरकरांच्या दृष्टीने तो पुस्तकी मुळीच नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी जुन्या वाड्याचे काय करावे हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे; काहींच्या घरी तो निकालातही निघाला असेल.

जुन्या वास्तूंविषयी आपल्या समाजात दोन टोकाच्या वृत्ती दिसतात. जे जुने ते मोडकळीस आलेले, म्हणून पाडून मोकळे व्हावे, ही एक. जे जुने ते पूज्य, म्हणून कुलूप लावून दुरून नमस्कार करावा, ही दुसरी. वरवर परस्परविरुद्ध भासणाऱ्या या दोन्ही वृत्तींचा शेवट एकच होतो. पाडलेली वास्तू एका महिन्यात जाते, कुलूपबंद वास्तू वीस वर्षांत. ज्या घरात चूल पेटत नाही, त्याच्या कौलांतून गळणारे पाणी कोणाच्या लक्षात येत नाही. पन्हाळीत उगवलेले पिंपळाचे रोप कोणी उपटीत नाही. तुळईला लागलेली वाळवी कोणाला दिसत नाही. वास्तूचा खरा राखणदार म्हणजे तिच्यात नित्य वावरणारा माणूस. १९६४ साली व्हेनिस येथे जमलेल्या तज्ज्ञांनी जी संहिता सिद्ध केली, तिनेही हेच सांगितले. समाजोपयोगी वापराने स्मारकाचे रक्षण सुकर होते. मात्र त्या वापरासाठी मूळ मांडणी आणि अलंकरण बदलू नये. या 'मात्र'मध्येच वास्तुरचनाकाराची सारी कसोटी आहे.

आपल्या शहरातील उदाहरणे पाहू. पहिला अर्थातच राजवाडा. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे, अशी ही सात मजली वास्तू. १८०१ साली सर्जेराव घाटग्यांच्या फौजेने इंदूर लुटले तेव्हा तिला आगीची झळ लागली. १९०८ साली पुन्हा आग लागली. आणि १९८४ च्या दंगलीत मागील भाग भस्मसात झाला. पुढे उषादेवी होळकरांच्या पुढाकाराने २००६-०७ च्या सुमारास तो भाग पारंपरिक सामग्री आणि पद्धती वापरून पुन्हा उभारण्यात आला. जळालेले पुन्हा तसेच बांधणे हे इतिहासाशी इमान आहे की इतिहासाची नक्कल, असा प्रश्न अभ्यासक विचारतात आणि तो रास्तही आहे. माझे उत्तर असे की, त्या निमित्ताने जुनी कारागिरी पुन्हा हातांत आली आणि शहराच्या हृदयातील रिकामी जागा भरली, हा लाभ लहान नाही. परंतु नवे अंग नवेच आहे, हे पाहणाऱ्यास कळले पाहिजे. त्यावरील साल लपवू नये.

दुसरे उदाहरण गांधी हॉलचे. मुंबईचे वास्तुविशारद स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १९०४ साली हे सभागृह उभे राहिले. तेव्हा ते किंग एडवर्ड हॉल होते. १९४८ साली महात्माजींचे नाव त्यास लाभले. राज्य गेले, सम्राटाचे नाव गेले, तरी लोकांनी एकत्र जमण्याची जागा हा त्या वास्तूचा स्वभाव कायम राहिला. सभा आणि प्रदर्शने तेथे भरत आली. नाव पालटूनही वास्तूचा धर्म न पालटल्याने तिला फारशी मोडतोड सोसावी लागली नाही. नवा वापर मूळ वापराच्या जितका जवळचा, तितकी वास्तूवरची शस्त्रक्रिया लहान, हा धडा येथे मिळतो.

तिसरे उदाहरण माणिकबागेचे. यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराने १९३० नंतरच्या तीन-चार वर्षांत हा प्रासाद सिद्ध केला. घुमट नाहीत, महिरपी नाहीत. सरळ रेषा, मोठ्या खिडक्या आणि वातानुकूलन यांनी नटलेली ही वास्तू त्या काळी युरोपातही नवलाची होती. पुढे तेथे केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याचे कार्यालय आले. कार्यालय आले म्हणून भिंती आणि छप्पर टिकले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु त्या वास्तूचे अर्धे सौंदर्य तिच्यासाठीच घडविलेल्या सामानात होते, आणि ते सामान १९८० साली मोनॅकोतील लिलावात विकले गेले. २०१९ साली पॅरिसच्या संग्रहालयाने त्याचे प्रदर्शन भरविले. इंदूरच्या माणसाला आपल्या गावचा ठेवा पाहण्यास पॅरिसला जावे लागावे अशी ही गत. वास्तू म्हणजे केवळ भिंती नव्हेत, हे आपल्याला फार उशिरा उमगते.

या तिन्हींच्या पुढचे पाऊल मला महेश्वरात दिसते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शिवाजीराव ऊर्फ रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी 'रेहवा' संस्था स्थापन केली आणि अहिल्याबाईंच्या किल्ल्यातील वास्तूत हातमाग पुन्हा खडखडू लागले. माहेश्वरी विणकामाला अहिल्याबाईंनीच आश्रय दिला होता. म्हणजे वास्तू तीच, कसब तेच, केवळ काळ नवा. त्या वास्तूमुळे विणकर स्त्रियांच्या घरी चार पैसे जाऊ लागले. जी वास्तू भोवतालच्या माणसांच्या पोटाशी जोडली जाते, तिला पाडायला कोणी धजत नाही.

पुण्याचा विश्रामबागवाडाही आठवावा. दुसऱ्या बाजीरावाचा हा निवास. १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा भरू लागली आणि पुढे नगरपालिकेचा कारभारही तेथून चालला. चौकाभोवती ओवऱ्या आणि दालने असलेल्या वाड्याची रचनाच अशी की तीत शाळा, वाचनालय किंवा कार्यालय सहज सामावते.

आता थोडे व्यवहाराचे. वाड्याला नवा संसार द्यायचा तर पहिली विचारणा वास्तूलाच करावी. तिची मोजमापे घ्यावीत, भेगांची नोंद करावी, पाणी कोठून मुरते ते एक पूर्ण पावसाळा पाहावे. मगच कोणत्या दालनात काय, हे ठरवावे. पुस्तकांच्या कपाटांचे ओझे माणसांच्या बैठकीपेक्षा कितीतरी अधिक असते. म्हणून ग्रंथालय तळमजल्यावर आणि सभा वरच्या कडीपाटावर, हा साधा विवेक. तिथेही एका वेळी किती माणसे बसणार, याची मर्यादा घालावी. स्वच्छतागृहे जुन्या भिंती फोडून आत घुसवू नयेत. मागील अंगाला स्वतंत्र पायावर उभारावीत. विजेच्या तारा भिंतीत खाचा पाडून न नेता उघड्या नळीतून न्याव्यात. लाकडी इमारतीत आगीचे भय विसरून चालत नाही. राजवाड्याने तो धडा पुरेसा महाग दिला आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. चुना आणि सुरखी यांची भिंत ओल घेते आणि सोडते. ती जणू श्वास घेते. सिमेंटचा कठीण लेप तो श्वास कोंडतो. ओल आत अडकते, तिच्यातील क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली साचतात आणि काही वर्षांत वीट आतून भुगा होते. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते, आतून ती संपलेली असते. मजबुतीच्या भाबड्या समजुतीने आपण किती वाडे असे मारले असतील!

या सर्वांतून एक सूत्र निघते. जे नवे घालायचे ते कमीत कमी घालावे आणि उद्या काढता येईल असे घालावे. आपल्यानंतरची पिढी आपल्याहून शहाणी असू शकते, ही नम्रता त्यामागे आहे.

अडचणी मला ठाऊक नाहीत असे नाही. एका वाड्याचे वारस डझनभर, त्यांतील निम्मे परगावी. भाडेकऱ्यांचे भाडे नाममात्र. आणि जमिनीचा भाव असा की विकासकाच्या प्रस्तावास नकार देणे हे मुलांच्या तोंडचा घास काढण्यासारखे वाटावे. अशा कुटुंबाला वारशाचे उपदेशामृत पाजणे हा दांभिकपणा होईल. वाडा जपणे सर्वांच्या हिताचे असेल तर त्याचा खर्चही सर्वांनी उचलला पाहिजे. करांत सवलत, दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज, न बांधलेल्या मजल्यांच्या हक्काचा अन्यत्र मोबदला, हे उपाय शासन आणि नगरपालिका यांच्या हातचे आहेत. त्यांची मागणी करणे आपल्या हातचे आहे.

आणखी एक गोष्ट शाळेच्या हातची आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी दरवर्षी जुन्या इंदुरातील एकेका वाड्याचे मोजमाप घ्यावे, नकाशा काढावा, तेथील वृद्धांकडून ओसरी, देवडी आणि माजघर यांचे जुने वापर लिहून घ्यावेत. माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत, वकील आहेत, वास्तुरचनाकार आहेत. त्यांनी मार्गदर्शन करावे आणि एखादे कुटुंब वाडा पाडण्याच्या निर्णयाशी आले असेल, तर दुरुस्तीचा खर्च आणि नव्या वापराचे उत्पन्न यांचा खरा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा. हिशेब मांडूनही पाडण्याचाच निर्णय झाला तर तो त्यांचा अधिकार आहे. निदान तो डोळसपणे झालेला असेल आणि त्या वाड्याचा नकाशा शाळेच्या कपाटात राहील.

ज्या गुरुजनांच्या स्मृतीस हे व्याख्यान अर्पण आहे, त्यांनी पिढ्यानपिढ्या जुने ज्ञान नव्या मुलांच्या उपयोगी पडेल असे करून दिले. वास्तूंच्या बाबतीतही आपल्याला याहून वेगळे काही करायचे नाही.