पडदा काळा, पण यंत्र जागे

श्रोतेहो, शाळेतला संगणक लिनक्सवर चालतो आहे. काल तो ठीक होता. रात्री अपडेट झाले आणि आज पाहावे तर पडदा काळा. अशा वेळी कुणीतरी सुचवतोच, “सगळे पुसून नव्याने बसवा.” गुरुजी, बाई, जरा थांबा! मुलांची निकालपत्रके त्याच डिस्कवर आहेत. पंप बंद पडला म्हणून विहीर आटली, असे आपण म्हणतो काय?

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, निराळा आणि पडद्यावर चित्र काढणारी व्यवस्था निराळी. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकदम दाबा. अक्षरांचा पडदा आला, तर यंत्र जागे आहे. तिथे नाव व पासवर्ड देऊन ‘एलएस’ लिहा. आपल्या फायलींची यादी दिसेल.

आता कारण पाहू. कर्नल नवा आला आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्याला जुळला नाही, असे पुष्कळदा घडते. यंत्र सुरू होताना ‘ग्रब’च्या यादीतून जुना कर्नल निवडा. चित्र आले, तर तो ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बसवावा.

पासवर्ड बरोबर असूनही पडदा फिरून तिथेच येतो का? मग ‘डीएफ’ लिहून डिस्क भरली नाही ना, ते पाहा. दातेरी चक्रात दुसरे सत्र असेल, तर वेलँडऐवजी एक्स-११ निवडून पाहा.

एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत टिपून ठेवा. पुसणे हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.