दर हजार फुटांना किती?



मागे बटाटेवडे तळले जातायत आणि माइक आमच्या हातात आहे, तेव्हा आमची अवस्था तुम्ही समजू शकता. थोडक्यात बोलायचं ठरवून आलो आहोत. पण आमच्यातले तिघं पुण्याचे असल्यामुळे थोडक्यात म्हणजे किती, हे आधी सांगत नाही.

आम्ही चौघं. तिघं कोड लिहितो, चौथी टेस्टिंग करते, म्हणजे आमच्या चुका काढते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही ग्लेशियर पीकवर स्की घेऊन गेलो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यावर पैसे लावले होते. फॉर्म आठवत असेल: पायथ्यापासून वर दर हजार फुटांना अमुक डॉलर, आणि शिखर गाठलं तर सगळी रक्कम दुप्पट. अर्धे पैसे इथल्या डोंगरांत माणसं शोधायला जाणाऱ्या स्वयंसेवकांना, अर्धे सह्याद्रीत तेच काम करणाऱ्या मुलांना, दोर आणि स्ट्रेचरसाठी. 'दुप्पट' ही कल्पना आमचीच. फार हुशार वाटली होती तेव्हा.

तर आधी उत्तर देऊन टाकतो. शिखर झालं नाही. का झालं नाही याचा हिशोब द्यायला उभे आहोत.

वॉशिंग्टन राज्यात पाच मोठे ज्वालामुखी आहेत. रेनियर तर आपल्या गाडीच्या नंबरप्लेटवरही असतो. ग्लेशियर पीक १०,५४१ फूट उंच, पण सिएटलमध्ये दहा-दहा वर्षं राहिलेल्या माणसाला विचारलं तरी तो कुठे आहे हे सांगता येत नाही. साउक-सुआटल लोक त्याला दाकोबेद म्हणतात. गाडी जवळपासही जात नाही. १९६४ च्या कायद्याने तो सगळा भाग राखीव रान झाला, तिथे इंजिनाचं काही चालवायचं नाही. पूर्वी व्हाइट चक नदीच्या बाजूने एक जवळची वाट होती. २००३ च्या ऑक्टोबरमधल्या पुराने तो रस्ता तोडला आणि वाटेतलं केनेडी नावाचं गरम पाण्याचं कुंड गाळाखाली गेलं. आता नॉर्थ फोर्क साउक नदीच्या कडेने जायचं, जाऊन-येऊन ३५ मैलांच्या आसपास.

स्कीइंग म्हटलं की लोकांना लिफ्ट, गरम कोको आणि रंगीत जाकिटं आठवतात. इथे पहिल्या दिवशी आम्ही स्की पायात घातलेच नाहीत. स्की सॅकला दोन बाजूंना बांधलेले, बूट मागे लटकलेले, पायात साधे पळायचे बूट. तंबू, दोर, क्रॅम्पॉन, तीन दिवसांचं खाणं धरून प्रत्येकाच्या पाठीवर पन्नास पौंडांच्या वर. वाट सुरू होते २,१०० फुटांवर. साडेपाच मैल देवदारांच्या जंगलातून सपाट चालायचं आणि दर पडलेल्या झाडाखालून वाकताना स्कीची टोकं वर अडकवून घ्यायची. स्की खांद्यावर घेऊन घामाघूम चाललेले चार देशी बघून एक म्हातारे गृहस्थ थांबले, वर हिरव्या झाडांकडे बघितलं आणि "गुड लक" म्हणाले. त्यांचा चेहरा अजून आठवतो.

मॅकिनॉ नावाच्या जुन्या लाकडी निवाऱ्यापासून खरी चढण लागते. जवळजवळ तीन हजार फूट, वळणावळणांची, एका दमात. वर पोचलो ती व्हाइट पास, ५,९०४ फूट. म्हणजे कळसूबाई खाली राहिली आणि आमचा डोंगर अजून सुरूच व्हायचा होता. कॉलेजात असताना हरिश्चंद्रगडावर रात्रीचे चढायचो, तेव्हा लांब चालणं म्हणजे काय हे आपल्याला कळतं असा समज होता. तो तिथे सुटला. बर्फावर तंबू लावला, मॅगी खाल्ली आणि सात वाजता उजेडातच झोपलो.

आता जरा बर्फाबद्दल सांगावं लागेल, कारण सगळी गोष्ट तिथे अडते.

उन्हाळ्याच्या तोंडावर डोंगरावरचा बर्फ दिवसा वितळतो आणि रात्री परत गोठतो. असं बरेच दिवस झालं की त्याचे मोठे, सुटे दाणे होतात. सकाळी वरचा इंचभर थर जेमतेम सैल झाला की त्यावरून स्की करणं म्हणजे स्वर्ग. उत्तम जमलेल्या साबुदाण्याच्या खिचडीसारखा दाणा अन् दाणा मोकळा. मात्र रात्री गोठलाच नाही, तर तीच खिचडी पाणी जास्त झालेली: गोळा. त्यात पाय रुततो, उतारावरचा ओला थर सुटून खाली येतो, आणि हिमनदीतल्या भेगांवर बर्फाचे जे पूल असतात ते कच्चे पडतात. गोठायला आकाश मोकळं लागतं. चांदण्या दिसत असल्या की जमिनीची ऊब वर निघून जाते. ढग आले की डोंगरावर गोधडी टाकल्यासारखं होतं.

रात्री दोन वाजता तंबूची चेन उघडली. एकही चांदणी नव्हती. काठी बर्फात टोचली, ती अर्धी आत गेली.

तेव्हाच परत झोपायला हवं होतं. आम्ही निघालो. "वर गार असेल" असं एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी ते लगेच मान्य केलं. ऑफिसात कोणी असा अंदाज दिला असता तर आम्ही त्याला पन्नास प्रश्न विचारले असते. स्कीच्या तळाला 'स्किन' चिकटवल्या. पूर्वी त्या खरोखरच सीलच्या कातड्याच्या असायच्या, आता नायलॉन किंवा मोहेरच्या असतात. पट्टी पुढे सरकते, मागे घसरत नाही, टाच मोकळी राहते, आणि आपण उतारावर सरपटत वर जातो. प्रत्येकाच्या छातीवर ४५७ किलोहर्ट्झवर बोलणारा ट्रान्सीव्हर. बर्फाखाली कोणी गाडलं गेलं तर त्याला शोधायचं काम बाकी तिघांचंच, कारण जिवंत सापडण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते. तेवढ्या वेळात डोंगराबाहेरून कोणीही येऊ शकत नाही.

व्हाइट चक हिमनदीच्या वरच्या अंगाने गेलो. १९५८ साली ती तीन चौरस किलोमीटरची होती, २००२ पर्यंत एकाच्याही खाली आली. बऱ्याच ठिकाणी आता नुसते दगड आणि तळी आहेत. सकाळी सहाच्या सुमाराला ग्लेशियर गॅपला पोचलो, ७,३०० फूट. पुढे गर्डीन हिमनदी. १८९८ साली या शिखरावर पहिली नोंदलेली चढाई केली त्या सर्वेक्षण खात्यातल्या टॉमस गर्डीनचं नाव तिला आहे. इथे दोर बांधला. वर एक टोक दिसत होतं, शिखर वाटावं असं. ते शिखर नाही. त्याचं नाव डिसअपॉइंटमेंट पीक, खरं शिखर त्याच्या मागे.

८,९०० फुटांवर दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. उजवीकडच्या उतारावरून ओल्या बर्फाचा एक पट्टा हळूच सुटला आणि काही आवाज न करता खाली गेला. लहान होता, आमच्यापासून लांब होता. मग पुढे असलेल्याचा पाय मांडीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्या भोकातून खाली निळं दिसत होतं.

उभे राहिलो. वाद झाला, तो जसा झाला तसा सांगतो. पहिलं वाक्य आमच्यातल्या एकाचं: "अरे, दुप्पट जातील." भीती वाटते असं कोणी म्हणालं नाही. थंडी नाही, भूक नाही, घरची आठवण नाही, आम्ही दुप्पट रकमेबद्दल बोलत होतो! दुसरा म्हणाला, काका-काकूंना काय सांगायचं? तिसरा मोजत बसला की अजून सोळाशे फूटच आहेत.

टेस्टिंगवाली शेवटी बोलली. "इथे आपल्यातल्या कोणाचा पाय मोडला तर आपल्याला न्यायला कोण येणार आहे?"

कोणीच उत्तर दिलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. सॅटेलाइटवरून मेसेज गेला असता शेरीफकडे, आणि शेरीफने बोलावलं असतं त्याच स्वयंसेवकांना ज्यांच्यासाठी आपण फॉर्म भरले. नोकरीधंदा सोडून येणारे लोक, एक पैसा न घेणारे. ढग खाली असल्यामुळे हेलिकॉप्टर आलं नसतं. ते त्याच कच्च्या पुलांवरून चालत आले असते.

वळलो. डिसअपॉइंटमेंट पीक ९,७५५ फूट आहे, म्हणजे आमची निराशाही पूर्ण झाली नाही.

उतरताना स्कीइंग झालं ते असं: पंधराएक वळणं, त्यातली चार बरी, बाकी गोळा खिचडी. त्या चार वळणांसाठी पुन्हा जाऊ, हेही खरंच सांगतो. तिसऱ्या दिवशी जंगलातून बाहेर येताना दोघांच्या टाचांना फोड होते आणि स्की परत प्रत्येक झाडात अडकत होते.

हिशोब: ८,९०० वजा २,१००, म्हणजे ६,८०० फूट. दुप्पट नाही. बहुतेकांनी सात हजार धरून चेक दिले, आभारी आहोत. एका काकांनी मात्र सहाच हजारांचे दिले. "पूर्ण हजार मोजायचे असं फॉर्मवर आहे," म्हणाले, "उरलेले आठशे माझ्या डायरीत पुढे ओढलेत." बरोबर आहे त्यांचं.

यंदाच्या फॉर्मवर शिखराची ओळ काढून टाकली आहे. तिच्या जागी 'चौघं परत आले तर' असा चौकोन आहे, त्यात तुम्हाला वाटेल तो आकडा लिहा. फॉर्म दाराजवळच्या टेबलावर आहेत. पेनं मागच्या वेळी सगळी गेली, तेव्हा स्वतःचं वापरा.