समरहिलची सभा



शिस्त बाहेरून लावावी की आतून उगवू द्यावी, हा प्रश्न प्रत्येक शाळेपुढे असतो. त्याचे टोकाचे उत्तर आचरणात आणणाऱ्या एका शाळेविषयी आज मी बोलणार आहे.

इंग्लंडच्या पूर्व भागात, सफोक परगण्यातील लेस्टन या लहान गावी समरहिल ही निवासी शाळा आहे. तिचे संस्थापक ए. एस. नील हे स्कॉटलंडमधील एका खेड्यातील शाळामास्तरांचे चिरंजीव. वडिलांच्या वर्गातील चामडी पट्ट्याचा धाक त्यांनी बालपणीच अनुभवला होता. १९२१ मध्ये जर्मनीत, ड्रेस्डेनजवळ, त्यांनी आपल्या प्रयोगास आरंभ केला आणि १९२७ मध्ये शाळा लेस्टनला स्थिरावली. १९७३ साली नील निवर्तले; पुढे पत्नीने आणि नंतर कन्येने शाळेची धुरा वाहिली.

येथे तासाला बसणे ऐच्छिक. रोजच्या सहजीवनाचे नियम शाळेची सभा ठरविते आणि तीत लहान मुलाला व मुख्याध्यापकांना सारखेच एक मत असते. नील यांचे ठरावही तेथे फेटाळले जात. मात्र शिक्षकांची नेमणूक आणि मुलांची सुरक्षितता त्यांनी मतदानावर सोडली नाही.

१९९९ मध्ये सरकारी तपासणीनंतर शिक्षण खात्याने ऐच्छिक तासांवर आक्षेप घेतला. अट मान्य करावी, तर शाळेचा प्राणच जात होता. शाळेने न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. मार्च २००० मध्ये लंडनच्या न्यायालयात सुनावणी चालू असताना तडजोडीचा मसुदा पुढे आला. तेव्हा मुलांनी त्याच दालनात सभा भरविली, मसुद्यावर चर्चा केली आणि मतदानाने तो स्वीकारला. पुढील तपासण्यांत शाळेचे तत्त्व व मुलांचे मत विचारात घेतले जाईल, असे त्यात ठरले.

आपल्याकडे तास ऐच्छिक करावेत, असे मी म्हणणार नाही. समरहिल लहान आहे, फी घेणारी आहे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला वर्ग बुडविण्याची चैन परवडत नाही. परंतु ज्यांनी नियम पाळावयाचे, त्यांना तो करताना विचारावे, यास पैसा लागत नाही. आपल्या शाळेत असा एखादा तरी नियम मुलांच्या सभेपुढे ठेवावा, एवढीच माझी विनंती आहे.