नव्या सुरांचा विसार



पाश्चात्त्य वाद्यवृंदांची एक रीत आहे. ब्राम्स, चायकोव्हस्की यांच्या एकोणिसाव्या शतकातील लाडक्या रचनांच्या जोडीला, मुद्दाम पैसे देऊन लिहवून घेतलेली एखादी नवी कृती ते त्याच मैफलीत वाजवतात. पुष्कळ श्रोते कुरकुरतात, ‘तिकीट आम्ही जुन्यासाठी काढले, हे नवे आमच्या माथी का?’ मी कामगार चळवळीतला माणूस. मला या तक्रारीत मजुरीचा प्रश्न दिसतो. कामाचे दाम माल पसंत पडल्यावर द्यायचे, की आधी?

आज जे जुने म्हणून आपण डोक्यावर घेतो, त्यातलेही पुष्कळ असेच सांगून करवून घेतलेले आहे. लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने १८२२ मध्ये बीथोव्हेनला नव्या सिंफनीसाठी ५० पौंड देऊ केले. तीच त्याची नववी सिंफनी; १८२४ मध्ये ती व्हिएन्नात प्रथम वाजली.

दुसरे उदाहरण बेला बार्टोकचे. १९४३ साली हा हंगेरियन संगीतकार न्यूयॉर्कच्या इस्पितळात आजारी होता, हातात पैसा नव्हता. बोस्टन वाद्यवृंदाचे संचालक कुसेविट्स्की त्याला भेटले आणि एक हजार डॉलरचे काम देऊन निम्मी रक्कम विसार म्हणून ठेवून आले. काम पुरे होईल याचा भरवसा बार्टोकलाही नव्हता. तरी त्या विसारातून ‘कन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ जन्मला. १ डिसेंबर १९४४ रोजी तो बोस्टनमध्ये वाजला. पुढच्याच वर्षी बार्टोक वारला. आज ती कृती जुन्यांच्या पंक्तीत बसली आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहा. याच वाद्यवृंदातील वादकांनी १९२० मध्ये संघटनेसाठी संप केला. तो फसला आणि तिसांहून अधिक वादक बाहेर पडले. संघटनेला मान्यता मिळायला १९४२ उजाडले. लिहिणाऱ्याला विसार आणि वाजवणाऱ्याला मुस्कटदाबी, हा न्याय नव्हे. दोघांच्याही घामाचे मोल झाले पाहिजे.

हे आपल्यापासून दूर नाही. मुंबईच्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने झाकिर हुसेन यांच्याकडून तबला आणि वाद्यवृंदासाठी ‘पेशकार’ लिहवून घेतला. २०१५ मध्ये तो मुंबईत वाजला.

नव्यातले बरेच विसरले जाईल, हे मला मान्य आहे. पण शंभर बिया पेरल्यावाचून दहा झाडे उभी राहत नाहीत, आणि कुठले बी रुजेल हे पेरणीच्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून नवे वाजू लागले की उठून जाऊ नका. आवडनिवड ऐकल्यानंतर सांगा.