पडद्यावरचे चित्र कसे टिपून ठेवावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण कोणी भरतकामावर बोलतो, कोणी उन्हाळी वाळवणांवर. यंदा चिटणीसबाईंनी मला संगणकावर बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मोठमोठ्या गोष्टी मी सांगणार नाही. जुन्या संगणकावर पडद्यावर दिसणारी गोष्ट चित्र करून कशी ठेवायची, एवढेच सांगते. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. लागणारी सगळी साधने संगणकातच असतात.

आता कोणी म्हणेल, हे बायकांना कशाला हवे? पूर्वी कचेरीत अर्ज दिला की शिक्क्याची पोच मिळे. ती आपण पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली ठेवत असू. आता अर्जाचा क्रमांक पडद्यावर क्षणभर दिसतो आणि पान बदलले की जातो. मग "मी पाहिला होता हो," असे कितीही सांगितले तरी ऐकणार कोण?

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या जावेचा अर्ज भरायला आम्ही दोघी एका सेवा केंद्रावर गेलो. अर्ज गेला, क्रमांक आला, आणि तिथला मुलगा म्हणाला, "काकू, छपाईची शाई संपली आहे. पावती उद्या घेऊन जा." त्याचा संगणक आमच्या घरच्यासारखाच जुना होता. मी म्हटले, "भाऊ, शाई नसू दे. ते प्रिंट स्क्रीनचे बटण दाब, पेंटमध्ये चित्र उतरव आणि माझ्या पेन ड्राइव्हवर दे." त्याने हसत हसत दिले. दीड महिन्याने कचेरीत उत्तर मिळाले की या नावाचा अर्जच आलेला नाही. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. मी बटव्यातून चित्राची छापील प्रत काढून पुढे ठेवली. तिच्यावर अर्जाचा क्रमांक होता, तारीख होती, वेळ होती. क्रमांकावरून शोधल्यावर अर्ज दुसऱ्या तालुक्याच्या यादीत सापडला. कोणाशी भांडावे लागले नाही.

आता ते बटण कुठे असते ते सांगते. टंकफळ्याच्या वरच्या ओळीत उजवीकडे, एफ बारा या बटणाच्या पलीकडे ते असते. त्यावर पी, आर, टी, एस, सी अशी अक्षरे असतात. कोणी विचारेल, नाव प्रिंट आणि कागद तर बाहेर येत नाही, हे कसे? १९८१ साली आयबीएम कंपनीचा घरगुती संगणक आला तेव्हा शिफ्टबरोबर हे बटण दाबले की पडद्यावरची अक्षरे खरोखरच छपाईयंत्रावर उमटत. पुढे विंडोज आले. आता बटण दाबले की चित्र संगणकाच्या स्मरणात जाते, नाव मात्र जुनेच राहिले.

बटण दाबल्यावर आवाज होत नाही, काही हलत नाही. काहीच झाले नाही असे वाटते, पण चित्र घेतलेले असते. मात्र ते पाट्यावरच्या वाटणासारखे आहे. पहिले वाटण काढून घेतल्याशिवाय दुसरे घालता येत नाही. तुम्ही दुसरे काही उचलले की पहिले चित्र गेले, आणि संगणक बंद केला तरी गेले. म्हणून लगेच पुढचे काम करावे.

विंडोज सेव्हनमध्ये स्टार्ट, मग ऑल प्रोग्रॅम्स, मग ॲक्सेसरीज असे जावे. तिथे पेंट आहे. ते उघडून कंट्रोल आणि व्ही ही दोन बटणे एकत्र दाबली की चित्र समोर येते. मग फाइलमध्ये जाऊन सेव्ह करावे. प्रकार विचारला तर पीएनजी निवडावा. जेपीजीमध्ये अक्षरांच्या कडा पुसट होतात आणि आपल्याला तर अक्षरेच हवी असतात. नाव देताना तारीख आणि काम दोन्ही घालावे. नाहीतर लेबल नसलेल्या मसाल्याच्या डब्यांसारखी गत होते, प्रत्येक डबा उघडून हुंगत बसायचे.

पडद्यावर चार खिडक्या उघड्या असतील आणि एकच हवी असेल तर ऑल्ट दाबून धरून प्रिंट स्क्रीन दाबावे. पण पुराव्याचे काम असेल तेव्हा पूर्ण पडदाच घ्यावा. कारण तारीख आणि वेळ खाली उजव्या कोपऱ्यात असते आणि एकच खिडकी घेतली की ती बाहेर राहते. पान लांब असेल तर जेवढे दिसते तेवढेच चित्रात येते. म्हणून पान खाली सरकवून दुसरे चित्र घ्यावे.

बहुतेक ठिकाणी ॲक्सेसरीजमध्येच स्निपिंग टूल नावाची कात्रीही सापडेल. ती २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर आली. तिने माउस ओढून हवा तेवढाच तुकडा कापता येतो. विंडोज आठ २०१२ साली आले. तेव्हापासून विंडोजचे बटण आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबले की चित्र आपोआप पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स या कप्प्यात जाऊन बसते. लॅपटॉपवर कधी कधी एफएन हे बटणही सोबत दाबावे लागते.

तीन गोष्टी मात्र जपाव्यात.

पहिली, विंडोज सेव्हनची डागडुजी कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. कुलूप गंजलेल्या घरात दागिने ठेवत नाहीत, तसे अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत. टंकलेखन, मंडळाचा जमाखर्च, फोटो यांना तो अजून उत्तम आहे.

दुसरी, चित्र कोणाला पाठवण्याआधी आधारचा आणि खात्याचा क्रमांक झाकावा. पेंटमध्ये काळा भरीव चौकोन काढून तो त्यावर ठेवावा आणि ही प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. मूळ चित्र जसेच्या तसे राहू द्यावे.

तिसरी, आपल्या पापड-मसाला करणाऱ्या भगिनींसाठी. गिऱ्हाईक म्हणते, "पैसे पाठवले, हे चित्र पाहा." चित्र बनवताही येते, बदलताही येते. आपल्या खात्यात रक्कम आली का ते स्वतः पाहावे, मगच पुडा हातात द्यावा. उलट कोणी आपल्याला फसवले तर त्याचे संदेश पुसून टाकू नयेत. चित्र घ्यावे, मूळ संदेशही ठेवावा आणि वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे कोर्टात अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणजे नुसते चित्र कोर्टात पुरत नाही. पण तक्रार कुठून सुरू करायची ते त्यावरून कळते.

मैत्रिणींनो, टिपून ठेवण्याचे मोल आपल्या खानदेशाला नवे नाही. माझे माहेर धुळ्याचे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुने कागद गोळा करीत. १९२६ साली ते धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे आहे. इकडे जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली पुस्तक निघाले. ती टिपली नसती तर घरोटीच्या घरघरीतच विरली असती. त्या किती बायका ओव्या गात गेल्या, ज्यांचे काहीच कोणी टिपले नाही!

आपला अर्ज, आपला क्रमांक, आपले पैसे ही काही गाणी नव्हेत. पण ती आपल्या नावाची आहेत. ती जपायला दर वेळी मुलाची किंवा भाच्याची वाट का पाहावी? दर शनिवारी दुपारी चार वाजता मी मंडळाच्या खोलीत जुन्या संगणकापाशी बसणार आहे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी यावे. शेजारणींनाही आणावे, मंडळाच्या सभासद नसल्या तरी चालेल. येताना एक वही आणि असला तर पेन ड्राइव्ह आणावा. पहिल्या दिवशी प्रत्येकीने एक चित्र घेऊन स्वतःच्या हाताने नाव देऊन ठेवायचे, एवढाच धडा.