उमेदवारीचीं वर्षें



'उमेदवार' हा शब्द आतां आपण निवडणुकीपुरता किंवा नोकरीच्या अर्जापुरता वापरतों. पण जुन्या काळीं कचेरींत बिनपगारी राबून, केव्हां तरी एखादी जागा रिकामी होईल आणि ती आपल्याला मिळेल, या आशेवर दिवस काढणाऱ्या तरुणाला उमेदवार म्हणत असत. अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत अशी उमेदवारी करणारे हजारों तरुण आहेत. आज त्यांच्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

खेळाची ओळख थोडक्यांत करून देतों. क्रिकेटप्रमाणें येथेंहि एक चेंडू टाकतो व दुसरा तो टोलवतो. मात्र चेंडू टप्पा न पडतां येतो, आणि टोलवणाऱ्यानें चार ठाणीं फिरून आलें म्हणजे एक धाव होते. प्रत्येक पक्षाचे नऊ डाव. नऊ डावांनंतर बरोबरी झाली, तर निकाल लागेपर्यंत डाव वाढवीत जावयाचें.

या खेळाचे वरिष्ठ संघ तीस. प्रत्येक संघांत खेळण्यास सज्ज असे सव्वीसच गडी असतात. त्यांच्या खालीं लहान लहान शहरांतून त्याच संघाचे चार दुय्यम संघ असतात आणि त्यांच्याहि खालीं नवशिक्यांचे वर्ग. तरुण खेळाडूनें एकेक पायरी चढत वर यावयाचें, अशी ही शिडी. ही रचना पद्धतशीर उभी केली ती सेंट लुई कार्डिनल्स संघाचे चालक ब्रँच रिकी यांनीं, १९२० नंतरच्या दशकांत. दुसऱ्याचे तयार खेळाडू विकत घेण्याइतका पैसा त्यांच्या संघापाशीं नव्हता. म्हणून त्यांनीं ठरविलें कीं, रोपें आपणच लावावीं. या दुय्यम संघांना अमेरिकन लोक 'फार्म' म्हणजे शेत म्हणतात. शेतकरी वाफ्यांत रोपें दाट लावतो. पुढें त्यांतलीं थोडीं राखतो, बाकीचीं उपटून टाकतो. रोपांच्या बाबतींत हा व्यवहार सोपा आहे. माणसांच्या बाबतींत तो तितका सोपा नाहीं.

आपल्या आवडत्या संघाचीं हीं रोपें कशीं वाढतात, याकडे डोळे लावून बसलेला एक मोठा रसिकवर्ग त्या देशांत आहे. 'बेसबॉल अमेरिका' हें नियतकालिक १९९० पासून दरवर्षीं शंभर होतकरू खेळाडूंची क्रमवार यादी छापतें, आणि ती यादी हे रसिक पंचांगासारखी वाचतात. पण पंचांगांतलें भाकीत आणि पडणारा पाऊस यांचें नातें आपण जाणतोंच! १९९२ च्या यादींत पहिलें नांव होतें ब्रायन टेलर याचें. आदल्या वर्षीं न्यूयॉर्क यँकीज संघानें त्याला साडेपंधरा लाख डॉलर देऊन करारबद्ध केलें होतें. १९९३ च्या डिसेंबरांत एका मारामारींत त्याच्या खांद्याला दुखापत झाली, आणि वरिष्ठ संघाचें मैदान त्याला कधींच दिसलें नाहीं. त्याच १९९३ च्या यादींत पहिला असलेला चिपर जोन्स मात्र २०१८ सालीं कूपरस्टाउनच्या 'हॉल ऑफ फेम'मध्यें, म्हणजे या खेळाच्या कीर्तिमंदिरांत, जाऊन बसला. उलट, १९८८ च्या निवडींत माइक पियाझा याचा क्रमांक लागला तो बासष्टाव्या फेरींत, तेराशें एकोणनव्वद नांवें पुकारून झाल्यावर. आणि २०१६ सालीं तोहि त्याच कीर्तिमंदिरांत पोहोंचला.

परंतु या उमेदवारीचें मर्म समजावयाचें, तर यादीपेक्षां एक रात्र पाहिलेली बरी. ती रात्र १८ एप्रिल १९८१ ची. ऱ्होड आयलंड प्रांतांतील पॉटकेट या गांवीं बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाचा दुय्यम संघ आणि बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघाचा रॉचेस्टर येथील दुय्यम संघ यांचा सामना चालला होता. नऊ डाव संपले, बरोबरी झाली. डाव वाढत गेले, बरोबरी कांहीं सुटेना. रात्रीं ठराविक वेळेनंतर नवा डाव सुरू करूं नये, असा नियम असे. पण त्या वर्षीं पंचांच्या पुस्तिकेंत तो छापावयाचाच राहून गेला होता. थंडी इतकी कीं, गड्यांनीं मोडक्या बॅटी जाळून शेकोटी केली. पहांटे चार वाजून सात मिनिटांनीं, बत्तीस डाव होऊन दोन-दोन धावांची बरोबरी असतांना, खेळ थांबविण्यांत आला. तेव्हां सतराशेंवर प्रेक्षकांपैकीं मैदानांत उरले होते एकोणीस.

उरलेला खेळ २३ जून रोजीं झाला. त्या वेळीं वरिष्ठ संघांच्या खेळाडूंचा संप चालू असल्यामुळें वार्ताहरांची सारी गर्दी या लहानशा गांवीं लोटली. आणि अवघ्या अठरा मिनिटांत, तेहतिसाव्या डावांत, पॉटकेटच्या डेव्ह कोझा यानें विजयाची धाव मिळवून देणारा टोला मारला. धंदेवाईक बेसबॉलच्या इतिहासांतील सर्वांत दीर्घ सामना तो हाच.

आतां या सामन्यांतील तीन गडी पाहा. रॉचेस्टरकडून कॅल रिप्केन खेळत होता. त्याला तेरा पाळ्यांत दोन यशस्वी टोले मिळाले. पॉटकेटकडून वेड बॉग्ज; त्याला बारा पाळ्यांत चार. आणि डेव्ह कोझा. त्याला चौदा पाळ्यांत पांच, व त्यांतला शेवटचा विजयाचा. त्या एकोणीस प्रेक्षकांना कोणी विचारलें असतें, 'यांतला थोर कोण होणार?' तर त्यांनीं काय उत्तर दिलें असतें? रिप्केन त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें वर गेला आणि पुढें लागोपाठ २६३२ सामने खेळून त्यानें विक्रम केला. बॉग्जनें तीन हजारांवर टोले मारले. दोघेहि आज कीर्तिमंदिरांत आहेत. कोझाला मात्र वरिष्ठ संघाकडून एकहि अधिकृत सामना खेळावयास मिळाला नाहीं.

यावर कोणी म्हणेल, गुणांची पारख अखेर होतेच. सोनें तें सोनें. तें बरेंचसें खरेंहि आहे. पण बॉग्जचीच कथा पाहा. १९७६ सालीं संघानें निवडल्यावर सहा हंगाम तो दुय्यम संघांतच होता. १९८२ सालीं तो वर गेला, तेव्हांहि त्याच्या जागेवर कार्नी लॅन्सफर्ड हा आदल्याच वर्षीं फलंदाजींत अव्वल ठरलेला गडी उभा होता. जून महिन्यांत लॅन्सफर्डचा घोटा दुखावला, आणि बॉग्जला ती जागा मिळाली. अंगीं गुण हवा हें तर निर्विवाद. पण जागा रिकामी व्हावयास दुसऱ्याचा घोटाहि कधीं कधीं दुखवावा लागतो. कचेरींतल्या जुन्या उमेदवारांना हें सत्य कोणी शिकवावें लागलें नसतें.

आणि त्या कचेरीप्रमाणेंच येथेंहि राबणुकीचें मोल फार अल्प होतें. २०२२ सालापर्यंत सर्वांत वरच्या दुय्यम संघांतील खेळाडूचें किमान वार्षिक वेतन साडेसतरा हजार डॉलर, आणि खालच्या पायरीवर अकरा हजार असे. त्या वर्षीं हे खेळाडू वरिष्ठांच्या संघटनेंत सामील झाले आणि २०२३ च्या करारानें तेच आंकडे अनुक्रमें पस्तीस हजार आठशें व सव्वीस हजार दोनशें झाले. वरिष्ठ संघांत त्या वर्षीं किमान वेतन होतें सात लक्ष वीस हजार! शिडीच्या शेवटच्या दोन पायऱ्यांमधलें अंतर यावरून ध्यानीं यावें.

आपल्या देशांतूनहि दोन तरुण ही शिडी चढावयास गेले होते. उत्तर प्रदेशांतील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेहि भालाफेकपटू. २००८ सालीं चेंडूफेकीच्या एका स्पर्धेंतून ते निवडले गेले, अमेरिकेंत शिकले, आणि त्याच वर्षीं पिट्सबर्ग संघानें त्यांच्याशीं करार केला. वरिष्ठ संघापर्यंत दोघांपैकीं कोणीहि पोहोंचला नाहीं. पण ज्या खेळाचा चेंडू त्यांनीं पूर्वीं हातांतहि धरला नव्हता, त्यांत त्यांनीं धंदेवाईक गड्यांशीं सामना दिला, ही गोष्ट कोणत्या खात्यांत मांडावयाची? अपयशाच्या?

मला वाटतें, आपला हिशेबच चुकतो. जो वर गेला त्याचीं उमेदवारीचीं वर्षें 'तपश्चर्या' ठरतात. जो गेला नाहीं त्याचीं तींच वर्षें 'फुकट गेलीं' असें आपण म्हणतों. वर्षें तींच, घाम तोच, पहांटेची थंडी तीच. शिवाय बॉग्जला बॉग्ज व्हावयाचें, तर त्याच्याबरोबर आणि त्याच्यासमोर तितक्याच ईर्षेनें खेळणारे गडी हवे होते. एकटा वीर कोणत्याहि मैदानावर तयार होत नाहीं. म्हणून जे मागें राहतात त्यांना पोटभर वेतन देणें हा उपकार नव्हे. तें त्यांचें घेणेंच आहे.

आपल्याहि घरोघरीं कोणी ना कोणी परीक्षेच्या, कलेच्या किंवा खेळाच्या उमेदवारींत असेलच. त्याचें पुढें काय होणार, हें आज आपणांस सांगतां येणार नाहीं. त्या एकोणीस प्रेक्षकांनाहि सांगतां आलें नव्हतें. ते मात्र पहांटे चारपर्यंत बसून राहिले, ते कोणी थोर होणार म्हणून नव्हे. समोरचा खेळ मनापासून चालला होता म्हणून. 'उमेदवार' या शब्दांत पहिला शब्द 'उमेद' आहे. तिला निकालापर्यंत थांबावयास लावूं नये, एवढेंच आज सांगावयाचें होतें.